ब्रेकचे भाडे भरणार नाही!

ज्या वस्तूची पूर्ण किंमत ग्राहकाने मोजली, जिच्यावर शासनाला कर आणि विमा कंपनीला हप्ता दिला, जिच्यापायी त्याने आपल्या मिळकतीची पुढची पाच-सात वर्षे बँकेकडे बांधून टाकली, त्याच वस्तूच्या पोटात आधीपासून दडवून ठेवलेला एक गुण काही महिन्यांनी मोबाइलच्या पडद्यावर बटन दाखवून त्याच ग्राहकाला पुन्हा विकायचा, आणि तो गुण गाणी ऐकण्याचा किंवा दिव्यांचे रंग बदलण्याचा नसून वळणावर गाडीने रस्ता धरून ठेवण्याचा, ब्रेक वेळेवर लागण्याचा, मागची चाके न घसरण्याचा असावा, हा प्रकार ज्या समाजाला साधा व्यापार वाटू लागतो त्या समाजाची विवेकबुद्धी गाढ झोपेत आहे असेच म्हटले पाहिजे. 'एवढी रक्कम भरा, तुमची गाडी अधिक स्थिर चालेल' हा निरोप आता जगभरच्या वाहनधारकांना येऊ लागला आहे आणि तो आमच्या एमएच-३७ च्या पाट्यांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागणार नाही. पैसे भरावेत की न भरावेत, असा प्रश्न त्या दिवशी वाशिमचा नोकरदार, कारंज्याचा व्यापारी आणि रिसोडचा शेतकरी आम्हाला विचारील. आमचे उत्तर आजच लिहून ठेवतो. भरू नका.

हा काल्पनिक बागुलबुवा नव्हे. मर्सिडीज-बेंझने २०२१ साली आपल्या ईक्यूएस या विद्युत मोटारीची मागची चाके साडेचार अंशांपर्यंत वळू दिली आणि तीच चाके, त्याच यंत्रणेने, दहा अंशांपर्यंत वळवायची असतील तर जर्मनीतील ग्राहकाकडे वर्षाला ४८९ युरो मागितले. चाके तीच, आस तीच, मोटर तीच; मध्ये कुलूप फक्त संगणकीय आज्ञेचे. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमधील आयडी-३ च्या काही ग्राहकांपुढे गाडीत मुळात असलेली शक्ती महिन्याच्या भाड्याने ठेवली. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले तेव्हा गाडीची किंमत सुमारे साठ लाख, आणि गाडीने स्वतः चालण्याच्या सॉफ्टवेअरचे सहा लाख वेगळे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे तो हमीभाव पुरता पदरात पडला असे धरले तरी मंगरुळपीरच्या शेतकऱ्याने एकशे तेरा क्विंटल सोयाबीन विकावे तेव्हा त्या सॉफ्टवेअरची किंमत निघते.

कोणी म्हणेल, ही धनिकांची दुखणी आहेत, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसवलेल्या वाशिमने त्यांची चिंता का वाहावी? असे म्हणणाऱ्याने या देशातील वाहनसुरक्षेचा इतिहास एकदा डोळे उघडून वाचावा. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकप्रणाली आपल्याकडे वर्षानुवर्षे वरच्या मॉडेलचा दागिना म्हणून विकली गेली आणि २०१९ साली कायद्याने सर्व नव्या मोटारींत आली; चालकाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाच्या छातीपुढे हवेची पिशवी असावी हे शासनाला २०२१ साली सुचले; आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएससी ही प्रणाली युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत बंधनकारक असताना आपल्याकडे मात्र ती कित्येक वर्षे टॉप मॉडेल घेणाऱ्याच्याच नशिबी होती. स्वस्त गाडी घेणाऱ्याचे हाड काचेचे आणि महाग गाडी घेणाऱ्याचे वज्राचे असते, असा काही वैद्यकशास्त्राचा सिद्धान्त नाही. श्रीमंतांच्या बंगल्यात शिरलेली प्रत्येक व्यापारी रीत दहा वर्षांत आमच्या आळीत येते. ही तर आलीसुद्धा आहे. एथरसारख्या विद्युत स्कूटर-कंपन्यांनी 'प्रो पॅक' नावाखाली एकाच गाडीतल्या काही सुविधा वेगळे पैसे मोजणाऱ्यासाठीच उघडण्याची रीत देशात केव्हाच रुजवली आहे, आणि अकोला नाक्यावरून पाटणी चौकाकडे जाणाऱ्या विद्युत स्कूटरी रोज वाढत आहेत.

मुळात विकले काय जात आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या व्यवहाराचे सारे पाप त्या तपशिलात आहे. मालेगावहून वाशिमकडे रात्री येणाऱ्या गाडीपुढे तुरीच्या शेतातून अचानक रोही उडी घेतो. चालक घाबरून स्टेअरिंग एका बाजूला ओढतो, मागचा भाग विरुद्ध दिशेला फेकला जाऊ लागतो, आणि पुढच्या क्षणी गाडी आडवी होणार असते. त्या क्षणात चाकांवरचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग कळवतात. स्टेअरिंग कुठे वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे यातला फरक इतर सेन्सरांच्या मोजमापांवरून संगणक काढतो. आणि चालकाला काही उमगायच्या आत तो बाहेरच्या बाजूचे पुढचे एकच चाक ब्रेकने आवळतो, इंजिनचा जोर कमी करतो आणि गाडीला पुन्हा रेषेवर आणतो. कोणते चाक, किती जोराने, किती लवकर आवळायचे हे ठरवणारे गणित म्हणजे सॉफ्टवेअर. आमचे ड्रायव्हर ज्याला 'गाडी रोड धरते' असे म्हणतात, तो गुण आता निम्मा लोखंडात आणि निम्मा या गणितात असतो. ते गणित सदोष असेल तर गाडी सदोष आहे. ते सुधारले असेल तर ती सुधारणा त्या रात्री त्या गाडीत बसलेल्या बायकापोरांची आहे, आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्या, त्या कंपनीशी आयुष्यात कसलाही करार न केलेल्या माणसाचीही आहे. तिला किमतीची चिठ्ठी लावणाऱ्याने आपला हात कोणाचा गळा मोजतो आहे हे आरशात पाहावे.

या गणिताचे मोल किती, याचा पुरावा जगासमोर आहे. २०१८ साली अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने टेस्लाच्या मॉडेल-३ ची परीक्षा घेतली. ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगावरून गाडी थांबायला १५२ फूट लागले. हे अंतर फार आहे, असे संस्थेने जाहीरपणे बजावले. कंपनीने काही दिवसांत सुधारित सॉफ्टवेअर थेट गाड्यांत पाठवले, संस्थेने पुन्हा चाचणी घेतली आणि तीच गाडी, त्याच ब्रेकांवर, १३३ फुटांत थांबली. एकोणीस फूट! जवळजवळ सहा मीटर! एक पान्हाही न फिरवता! शाळेसमोरच्या रस्त्यावर सहा मीटर म्हणजे काय, हे ज्याच्या घरातले मूल सायकलने शाळेत जाते त्याला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. त्या कंपनीने त्या सुधारणेचे पैसे मागितले नाहीत, कारण चूक चव्हाट्यावर आली होती आणि परीक्षा घेणारी संस्था कोणाची मिंधी नव्हती. आमच्याकडे अशी निर्भय परीक्षा घेणारे किती आहेत? परीक्षकच नसेल तर तेच एकोणीस फूट उद्या 'परफॉर्मन्स पॅकेज' म्हणून विकले जातील, आणि घेणारा त्याला प्रगती म्हणेल.

म्हणून आम्ही कंपन्यांपुढे एक सरळ पेच टाकतो. पैसे घेऊन देऊ केलेल्या या सुधारणेने गाडी खरोखर अधिक सुरक्षित होते की होत नाही? होत नसेल, तर जाहिरात खोटी आहे आणि पैसे घेणे ही लबाडी आहे. होत असेल, तर विक्रीच्या दिवशी गाडी एक तर अपुऱ्या कामाची होती, मग ते काम पुरे करणे हे विकणाऱ्याचे ऋण आहे. किंवा ती सुरक्षित करण्याची विद्या हाती असताना जाणूनबुजून कमी सुरक्षित ठेवली होती, आणि मग त्या कृत्याला व्यापाराच्या कोशात शब्द नाही, तो फौजदारी कायद्याच्या पुस्तकात शोधावा लागेल. तिसरी वाट नाही.

यावर एक उत्तर तयार असते: सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पगार द्यावा लागतो, संशोधनास खर्च येतो. येतोच! हिंजवडीच्या इमारतींत रात्री जागून असले गणित लिहिणाऱ्यांत वाशिम-रिसोडची मुलेही आहेत. त्यांच्या घामाचे मोल त्यांना मिळालेच पाहिजे. पण ते गाडीच्या किमतीत मिळते, आणि ती किंमत ग्राहकाने शेवटच्या रुपयापर्यंत चुकती केलेली असते. बैलगाडी विकणाऱ्या सुताराने चाकाची खीळ सैल ठेवून दर पोळ्याला ती ठोकण्याचे वेगळे पैसे मागितले असते, तर गावाने त्याचे काय केले असते? गाण्यांचे, नकाशांचे, पडद्यावरच्या करमणुकीचे पैसे खुशाल मागावेत. ज्याला हवे तो देईल. नवे शॉक-अबसॉर्बर, नवे टायर, नवी वस्तू बसवली तर तिची किंमत घ्यावी, त्यालाही आमची हरकत नाही. परंतु स्टेअरिंग, ब्रेक आणि स्थिरता या तीन गोष्टींत सॉफ्टवेअरने होणारी प्रत्येक सुधारणा ही मूळ विक्रीचा भाग आहे. तिथे दुसरे बिल फाडता येणार नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा, म्हणजे हा अन्याय कोणाच्या माथी बसणार ते दिसेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. रेल्वेच्या मोठ्या वाटा त्याला चुकवून गेल्या, कारखानदारी त्याच्या वेशीवर थबकली, आणि पाव शतकानंतर ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांची जमीन कापत पुढे गेला. ताशी १२० किलोमीटरची मुभा त्याने आणली. शेलू बाजारच्या फाट्यावरून चढणाऱ्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या गाडीलाही तीच मुभा, मुंबईहून येणाऱ्या कोटीच्या गाडीलाही तीच. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना, तापलेल्या सिमेंटवर झिजलेले टायर फुटतात तेव्हा गाडी सावरायला चालकाजवळ निमिषमात्र असते. १ जुलै २०२३ च्या पहाटे शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे कोळसा झाली. महामार्ग खुला होऊन तोपर्यंत सहा महिने उलटून गेले होते. चालकांच्या समुपदेशनाच्या खुर्च्या, टायरांची तपासणी, अधिकाऱ्यांच्या बैठका या साऱ्याला त्या वर्षीच्या मृत्यूंनी बळ दिले. आपल्या शासनाची रीतच अशी की आधी वेग द्यायचा, मग टोल घ्यायचा, आणि सुरक्षितता प्रेते मोजून झाल्यावर आठवायची. समृद्धीवर मोटारीच्या टोलचा दर एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे झाला. तो वाढवायला कोणाची चिता पेटावी लागली नाही.

आणि वाशिमचा माणूस गाडी घेतो कोणती? पुण्या-नागपूरच्या नोकरदाराने चार-पाच वर्षे वापरलेली. हप्त्यावर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्वांत क्रूर घाव इथे बसणार आहे. २०२० साली अमेरिकेतले एक प्रकरण गाजले. एका ग्राहकाने विक्रेत्याकडून जुनी टेस्ला विकत घेतली होती. गाडीत असलेल्या, आधीच पैसे भरलेल्या सॉफ्टवेअर-सुविधा कंपनीने दूर बसून काढून घेतल्या. माध्यमांत बोभाटा झाला तेव्हा त्या परत दिल्या. तिथे बोभाटा ऐकणारे होते. मानोऱ्याचा शिक्षक जुनी गाडी घेऊन आला आणि पहिल्या मालकाचा हप्ता संपला म्हणून त्या गाडीची वळणावरची पकड एका रात्रीत सैल झाली, तर तो कोणाच्या दारात उभा राहणार? त्याला तर हेही कळणार नाही की काही काढून घेतले गेले आहे. टायर झिजला तर डोळ्यांना दिसतो, ब्रेक-पॅड संपले तर कानांना कळते. आज्ञावलीतून उणे झालेली सुरक्षितता दिसत नाही, ऐकू येत नाही. ती कळते पंचनाम्यात.

कायदा काय करतो आहे? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करू देत नाही. पुढे लोखंडी बुलबार बसवला म्हणून आमच्या शेतकऱ्याच्या गाडीला रस्त्यावर अडवून दंड होतो, आणि होऊ द्या, त्याला कारण आहे. पण ज्या गाडीची चाचणी घेऊन शासनमान्य संस्थेने तिला रस्त्यावर येण्याची अनुमती दिली, तिची शक्ती, तिचे वळणे, तिचे थांबणे कंपनी हजार मैलांवरून बदलते, तेव्हा त्याची पावती परिवहन कार्यालयाच्या कोणत्या खिडकीत फाडली जाते? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ११०-अ आले. सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड ठेवला गेला. उत्तम. वाहनांतील सॉफ्टवेअर-बदलांसाठी एआयएस-१९० हे मानकही लिहिले गेले. त्यातून अपडेट कसे करावे हे कंपनीला कळते. कोणते अपडेट विकू नये हे तिला कोणीच सांगत नाही. दोषाला 'दोष' म्हटले तर तो फुकट दुरुस्त करावा लागतो; त्यालाच 'सुधारणा' म्हटले की विकता येतो. एवढ्या एका पळवाटेतून उद्या सारा बाजार निघून जाईल. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ आणि महाराष्ट्रात १५,२२४ माणसे रस्त्यांवर मेली. ज्या राज्यात रोज चाळीसहून अधिक चिता रस्त्यामुळे पेटतात, त्या राज्यात ही पळवाट उघडी ठेवणे हा निष्काळजीपणा नाही. ही संमती आहे.

शासनाला हे करता येत नाही, असेही नाही. सरकारी अनुदानाची किंमत-मर्यादा पाळल्याचे दाखवण्यासाठी विद्युत दुचाकी कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर यांसारख्या गोष्टींची किंमत गाडीतून वेगळी काढल्याचे उघड झाले, तेव्हा २०२३ साली केंद्राने डोळे वटारले आणि कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. एकट्या ओला इलेक्ट्रिकने सुमारे १३० कोटी रुपये परत करण्याचे मान्य केले. तिजोरीचा पैसा बुडत होता म्हणून शासन जागे झाले. नागरिकाचा जीव तिजोरीहून हलका आहे काय? ग्राहकांच्या नकाराचे बळही सिद्ध झाले आहे. गरम होणाऱ्या आसनांसाठी मासिक भाडे मागणाऱ्या बीएमडब्ल्यूला लोकांच्या संतापापुढे २०२३ मध्ये तो उद्योग आवरता घ्यावा लागला. आसनाच्या उबेसाठी लोक एवढे खवळतात, आणि ब्रेकसाठी गप्प बसतील?

बसतील, अशी भीती आम्हाला वाटते, आणि ती भीती कंपन्यांची नसून आमच्याच माणसांची आहे. शोरूममध्ये जाऊन छतावरच्या काचेची, मोठ्या पडद्याची आणि रंगाची तासभर चौकशी करणारा, पण गाडी घसरू लागली तर तिला सावरणारे काही आहे का हे एका शब्दाने न विचारणारा ग्राहक आम्ही रोज पाहतो. लग्नात जावयाला गाडी देताना वऱ्हाडात मिरवण्यासाठी टॉप मॉडेल धुंडाळणारे आणि मजुरांना शेतावर नेणाऱ्या गाडीचे टायर गुळगुळीत होईपर्यंत न बदलणारे हात एकाच घरातले असतात. हेल्मेट आरशाला टांगणारा, मागच्या आसनावर पट्टा न बांधणारा, पोराला चौदाव्या वर्षी चावी देणारा समाज सुरक्षिततेची किंमत शून्य धरतो. आणि ज्या गोष्टीची किंमत समाज शून्य धरतो ती त्याला दामदुपटीने विकणारा व्यापारी जन्माला येतोच. पैसे भरू शकणाऱ्यांवर या बाबतीत दुहेरी दायित्व आहे. डॉक्टर, वकील, ठेकेदार, अधिकारी यांनी 'परवडते' म्हणून एकदा बटन दाबले की तो दर रूढ झाला. पुढे ज्याला परवडत नाही त्याची गाडी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगाने, अपुऱ्या पकडीवर समोरून येणार आहे. त्यांच्या एका बटनाने ती अपुरी राहणार आहे!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वाहन कोणत्याही किमतीचे असो, त्याच्या ब्रेक, स्टेअरिंग आणि स्थिरतेशी संबंधित प्रत्येक सॉफ्टवेअर-सुधारणा त्या वाहनाच्या आयुष्यभर विनामूल्य मिळाली पाहिजे. ती मालकाला न बांधता वाहनाला बांधलेली असली पाहिजे, जेणेकरून गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली तरी कोणी ती काढून घेऊ शकणार नाही. आणि अशा प्रत्येक बदलाची नोंद परिवहन कार्यालयात उपलब्ध असली पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी विदर्भाचेच आहेत. अपघाती मृत्यूंबद्दलची आपली व्यथा त्यांनी अनेक व्यासपीठांवरून बोलून दाखवली आहे. ती व्यथा नियमाच्या भाषेत राजपत्रात उतरवावी. यवतमाळ-वाशिमच्या आणि रिसोड ज्यात येते त्या अकोल्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेच्या अधिवेशनात विचारावा, आणि विचारला नाही तर का विचारला नाही हे मतदारांना सांगावे.

तोपर्यंत ग्राहकाने हात बांधून बसू नये. गाडी नोंदवताना विक्रेत्याकडून लेखी मागावे की या गाडीत नंतर पैसे भरून उघडणारी कोणती यंत्रणा आज बंद ठेवली आहे. लेखी देण्यास जो नकार देईल त्याच्या दालनातून बाहेर पडावे. घेतल्यावर असा निरोप आलाच तर पैसे भरू नयेत, निरोपाचे छायाचित्र जपून ठेवावे आणि सरळ वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी. २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध दिलेला हा अधिकार आहे. तिथे वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी ते दोनशे रुपये आहे. अशा पन्नास तक्रारी एका महिन्यात दाखल होऊ द्या. मग बटन कोणाच्या पडद्यावरून आधी नाहीसे होते ते पाहू.